बारामतीचा पत्ता, इंदापूरचं नाव

गाडीवर एमएच ४२ दिसलं की कोणीही म्हणतं, बारामतीकडची दिसतेय! पाकिटावर ४१३१०६ असलं की पत्र इंदापूरला जातं. मग इंटरनेटच्या पत्त्यात गावाचं नाव शेवटी का नसावं?

जगात अशी उदाहरणं आहेत. कॅटलान भाषकांनी २००५ मध्ये ‘डॉट कॅट’ मिळवलं; बर्लिन, लंडन, टोकियो यांना २०१४ च्या सुमारास स्वतःची शेपटी मिळाली. पण ही हौस महाग. २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाचं शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होतं. शिवाय शहराच्या नावाला तिथल्या सरकारची संमती लागते, आणि पुढे ती यंत्रणा रोज चालवायची. नगरपरिषदेनं त्यात पडू नये, असं माझं मत.

स्वस्तातली वाट घरातच आहे. ‘डॉट इन’च्या पोटात बिहार, दिल्ली, गुजरात अशा नावांची दालनं आहेत. तसंच बारामतीचं, इंदापूरचं दालन निघालं तर? शिवाय २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं. इंदापूरच्या डाळिंब बागायतदाराला आपला पत्ता आजही चक्क मराठीत लिहिता येतो. मात्र कीबोर्ड मराठीवर न्यायची सवय हवी.