सोळाव्या वाढदिवसाआधी

आज इथे मेलबर्नमध्ये माझ्यासमोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी शाळकरी मुलं आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. अशी अकाउंट रोखण्यासाठी कंपनीने पुरेसे प्रयत्न केले नाहीत, तर तिला ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना किंवा आईवडिलांना शिक्षा नाही. या कायद्याच्या मी बाजूची आहे. त्याआधी या कंपन्या १३ व्या वर्षी दार उघडत. तो आकडा मुलांच्या मनाचा विचार करून ठरलेला नव्हता. मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला, त्यातून तो आला.

पण कायदा झाला म्हणून आपलं काम संपलं, असं कृपा करून समजू नका. व्हॉट्सअ‍ॅप, डिस्कॉर्ड, रोब्लॉक्स बंदीच्या यादीत नाहीत. अकाउंट न उघडताही यूट्यूब पाहता येतं. शिवाय १६ वा वाढदिवस येतोच, आणि त्या दिवशी सगळं एकदम खुलं होतं. त्याच वयात आपल्या व्हिक्टोरियात मुलांना गाडी शिकण्याचं लर्नर परमिट मिळतं. तिथे आपण काय करतो? १२० तास लॉगबुकमध्ये भरेपर्यंत शेजारच्या सीटवर बसतो, आणि एकट्याने गाडी चालवायला मूल १८ वर्षांचं व्हावं लागतं. मोबाइलच्या बाबतीत मात्र एक तर किल्ली लपवून ठेवायची, नाही तर एकदम हातात द्यायची, एवढंच आपल्याला सुचतं.

शेजारी बसणं का गरजेचं आहे, ते एका गुन्ह्यावरून सांगते. ऐकायला अवघड आहे, तरी सांगते, कारण यात किशोरवयीन मुलगे मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि आपण काळजी करत बसतो मुलींची.

एखाद्या गेममध्ये किंवा चॅटवर एक गोड मुलगी ओळख काढते. फोटो खरा दिसतो, ओळखीचे एक-दोन मित्रही तिच्या यादीत असतात. थोड्याच वेळात गप्पा दुसऱ्या अ‍ॅपवर जातात. ती स्वतःचा म्हणून एक खासगी फोटो पाठवते आणि तसाच मागते. मुलाने पाठवला की क्षणात भाषा बदलते. त्याच्या मित्रांची, नातेवाइकांची नावं त्याच्यासमोर येतात: पैसे दे, नाही तर हा फोटो या सगळ्यांना जाईल. पलीकडे मुलगी नसतेच, टोळी असते. पैसे दिले की मागणी वाढते. जगात अनेक ठिकाणी मुलांनी या भीतीपोटी जीव दिला आहे.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही. धमक्यांचे आणि त्या अकाउंटचे स्क्रीनशॉट ठेवायचे, त्या फोटोचा मात्र नाही. मग संपर्क तोडायचा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी फेडरल पोलिसांच्या अखत्यारीतलं एसीसीसीई हे बालशोषणविरोधी केंद्र तक्रार घेतं. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो स्वतःकडे न मागवता त्याची डिजिटल खूण तयार करते, आणि तिच्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. म्हणजे मार्ग आहे. पण तो सापडण्यासाठी मुलाने त्याच रात्री कुणाला तरी सांगायला हवं. आणि आपल्या घरात त्याने वर्षानुवर्षं काय ऐकलेलं असतं? “काही उद्योग केलेस तर बघ, फोन काढून घेईन.” गुन्हेगाराला आणखी काय हवं?

म्हणून माझी विनंती आहे: ही धमकी आजपासून बंद करा. मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, “तुझ्या हातून काहीही झालेलं असू दे, आधी आमच्याकडे ये. फोन जाणार नाही. आजी-आजोबांना, काका-मामांना कळणार नाही.” हे शेवटचं वाक्य आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. पुण्या-नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर गोष्ट जाईल, या धास्तीने आपली मुलं गप्प बसतात. रात्री फोन बेडरूमबाहेर ठेवायचा नियम जरूर करा, तो स्वतःही पाळा. पण नियम वेगळा आणि शिक्षेची भीती वेगळी.

आपल्या इथल्या मराठी मंडळालाही एक मागणं आहे. गणेशोत्सवात आपण नाचणाऱ्या मुलांचे फोटो पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळेसकट फेसबुकवर टाकतो. अनोळखी माणसाला ओळख काढायला एवढी माहिती पुरते. या वर्षीपासून नावं आणि शाळा गाळूया, आणि फोटो टाकण्याआधी आईवडिलांबरोबर त्या मुलालाही विचारूया. ते नाही म्हणालं, तर तो फोटो टाकायचा नाही. कार्यकारिणीने हे पुढच्या बैठकीत ठरवावं.