भोकातून निघालेलं पुस्तक



आज ऐकू या चित्रकार-लेखक एरिक कार्ल यांच्याविषयी.
जन्म अमेरिकेत, १९२९ साली.
बालपण मात्र जर्मनीत… युद्धाच्या सावटाखाली.

तिथे त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एक धाडस केलं.
नाझींनी बंदी घातलेली चित्रं या मुलाला गुपचूप दाखवली.
ते मोकळे रंग त्याच्या मनात कायमचे राहिले.

पुढे एरिक न्यूयॉर्कला परतले.
जाहिराती करू लागले.
एका जाहिरातीतला लाल शेवंड पाहून लेखक बिल मार्टिन यांनी आपल्या पुस्तकाची चित्रं त्यांच्याकडे सोपवली.
तेव्हा एरिक यांनी पस्तिशी ओलांडली होती!

मग एकदा…
कागदांना भोकं पाडता पाडता त्यांना सुचला पुस्तक खाणारा किडा.
संपादकबाई म्हणाल्या, किड्याऐवजी सुरवंट घेऊ या.
किती नेमकी सूचना!
सुरवंटाचं फुलपाखरू होतं ना.

१९६९ साली तो खादाड सुरवंट पुस्तकात आला.
पातळ कागद एरिक स्वतः रंगवत.
मग कापत… आणि चिकटवत.
त्यातून सुरवंट झाला, फळं झाली.

आणि फळांना भोकं… अगदी खरी भोकं!
सुरवंट खात जातो,
आणि त्याच्यामागून त्या भोकांत शिरतं
ऐकणाऱ्या मुलाचं इवलंसं बोट.