वाद्यांशिवाय गाणे



'सारेगमप' आपण सगळ्यांनी पाहिले. तिथे एकेक जण गातो आणि मागे वाद्यवृंद असतो. अमेरिकेत २००९ साली टीव्हीवर 'द सिंग-ऑफ' ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यात गटच उतरत, आणि वाद्यांना साफ बंदी! २०११ साली जिंकलेल्या 'पेंटाटॉनिक्स'ला पाहून मी थक्क झालो. माणसे पाचच. एक तोंडानेच ताल वाजवतो, एक खर्ज धरतो, बाकीचे तिघे स्वरांत स्वर मिसळतात. शेजाऱ्याकडे कान नसेल, तर सगळेच कोसळते.

आपल्याला हे परके नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर समोरासमोर बसून ओव्या गात. साथ फक्त जात्याच्या घरघरीची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या.

इथे मयूर विहारात मात्र आरतीला स्पीकर लागतो आणि आपण नुसते ओठ हलवतो. मग मुलांना शब्द येणार कुठून? यंदा एक तरी आरती स्पीकर बंद करून म्हणूया. थोडी बेसूर होईल, पण आपली असेल.

गणपती बाप्पा मोरया!