भाड्याचे घर आणि विश्वस्तवृत्ती

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित सभेतील भाषण)



पर्यावरणरक्षणाविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. झाडे लावावीत, गच्चीवर सौरऊर्जेचे संच बसवावेत, पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, हे सारे योग्यच आहे. परंतु हे सर्व उपदेश ज्याच्या मालकीची जमीन आणि गच्ची आहे त्यालाच उद्देशून असतात. ज्याच्याजवळ केवळ अकरा महिन्यांचा करारनामा आणि एक किल्ली आहे, त्याने काय करावे? आपल्या समाजात घरमालक आहेत, पिढीजात भाडेकरू आहेत, तसेच गावी स्वतःचे घर असूनही व्यापार, नोकरी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी शहरात भाड्याने राहणारी कुटुंबेही आहेत. म्हणून हा प्रश्न परक्याचा नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. भाड्याच्या खोलीतील नळाचा वायसर झिजला आहे. नळाखाली ठेवलेली शंभर मिलिलिटरची वाटी दहा मिनिटांत भरते. भाडेकरू म्हणतो, "घर मालकाचे, त्याने पाहावे." मालक म्हणतो, "पाणी वापरतो भाडेकरू, त्यानेच पाहावे." दोघांचेही बोलणे वरकरणी रास्त वाटते आणि नळ गळतच राहतो. हिशेब केला तर दिवसाला चौदा लिटरहून अधिक आणि वर्षाला पाच हजार लिटरहून अधिक पाणी गटारात जाते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दररोज 135 लिटर हा मापदंड धरतात. म्हणजे धरणातून आणलेले, शुद्ध केलेले आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलेले, एका माणसाला अडतीस दिवस पुरेल इतके पाणी केवळ एका वायसरपायी वाया गेले!

विजेचेही तसेच आहे. पंखे, गिझर, वातानुकूलन यंत्र मालक विकत घेतो. बिल भाडेकरू भरतो. खरेदी करणाऱ्याला स्वस्त वस्तू परवडते, कारण तिचा रोजचा खर्च त्याच्या खात्यावर पडत नाही. बिल भरणाऱ्याला चांगली वस्तू बसवावीशी वाटत नाही, कारण उद्या घर सोडावे लागेल. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर एकाच व्यवहाराचा जमा एका वहीत आणि खर्च दुसऱ्या वहीत लिहिला जातो. दोन्ही वह्या आपापल्या जागी बिनचूक असतात, पण तोटा निसर्गाच्या खात्यावर पडतो.

या दुराव्याला इतिहास आहे. मुंबईत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1940 च्या पातळीशी बांधली गेली. सामान्य कुटुंबाला त्यामुळे छप्पर टिकवता आले, हे मान्य केलेच पाहिजे. पण काळ पुढे गेला, भाडे तेथेच राहिले, दुरुस्तीला पैसा उरला नाही आणि अनेक चाळींच्या भिंतींना ओल, नळांना गळती व जिन्यांना टेकू आले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्यात भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आहे. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. भाडेकरूंच्या लेखी संमतीने केलेल्या सुधारणांसाठी मालकाला भाड्यात वाजवी वाढ मागता येते. म्हणजे परस्परसंमतीने सुधारणा करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने जाण्याची इच्छा मात्र माणसांनीच धरायची आहे.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतो. परंतु त्यातील कामांची वाटणी कोणत्याही करारनाम्यासाठी मार्गदर्शक आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, जलवाहिन्या आणि बाहेरील वीजजोडणी मालकाकडे. नळ व त्याचे वायसर, मोरीची सफाई, गिझर, बटणे व प्लग यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. वर सांगितलेल्या वायसरचा वाद या एका यादीने मिटतो. करारनामा करताना अनामत आणि भाडे यावर तासभर चर्चा होते. त्यातील दहा मिनिटे या यादीला दिली, तर पुढची कटुता आणि पाण्याची नासाडी दोन्ही टळतील.

आता भाडेकरूने काय करावे ते पाहू. भिंत न फोडता, मालकाचे काही न बिघडवता आणि घर सोडताना बरोबर नेता येईल, असे बरेच काही करता येते. साधा जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे 30 वॅट. रोज बारा तास याप्रमाणे वर्षातील तीनशे दिवस पंखा चालला, तर पहिल्याला 270 युनिट लागतात, दुसऱ्याला 108. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सुमारे 50 वॅट घेते, एलईडी नळी 20 वॅट. मालकाचा पंखा व ट्यूबलाइट उतरवून माळ्यावर जपून ठेवावी, घर सोडताना पूर्ववत बसवून द्यावी आणि आपली वस्तू आपण न्यावी. मात्र हे मालकाला आधी सांगून व सामानाच्या यादीत नोंदवून करावे, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

शौचालयाच्या जुन्या मोठ्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, आतील यंत्राला अडणार नाही अशी ठेवली, की प्रत्येक वेळी एक लिटर पाणी वाचते. चौघांच्या कुटुंबात पाच-पाच वेळा वापर धरला तरी दिवसाला वीस लिटर झाले. पश्चिमेच्या खिडकीला फिक्या रंगाचा, अस्तर लावलेला जाड सुती पडदा लावावा. उन्हाच्या वेळी खिडकीबाहेर वाळ्याचा अगर बांबूचा पडदा सोडता आला तर अधिकच उत्तम. ऊन काचेच्या बाहेरच अडले म्हणजे खोली तापत नाही. जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि पिशव्या शिवण्याची आपल्या आजींची रीत पुन्हा सुरू करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा नियम देशभर 2016 मध्येच घालून दिला गेला. तो मालक व भाडेकरू असा भेद करीत नाही.

मालकाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नवीन उपकरण घेताना ऊर्जाबचतीचे तारांकन पाहूनच घ्यावे. ही तारांकन योजना 2006 पासून देशात चालू आहे. ज्या घराचे बिल कमी येते, नळ गळत नाहीत आणि वरची खोली उन्हाळ्यात तापत नाही, तेथील भाडेकरू सहसा लवकर घर सोडत नाही. घर रिकामे राहण्याचा तोटा आणि दरवेळची दलाली जमेस धरली, तर चांगल्या पंख्याची जास्तीची किंमत क्षुल्लक वाटेल. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढरा चुना अगर उष्णतारोधक रंग देणे, टाकी भरून वाहू नये म्हणून तरंगता गोळा दुरुस्त ठेवणे आणि जिन्यात एलईडी दिवे लावणे ही कामे मालकाशिवाय होत नाहीत. ज्या धार्मिक संस्थांच्या चाळी, वाड्या व धर्मशाळा आहेत, त्यांनी आपल्या मिळकतींपासून हा आरंभ केला, तर समाजापुढे जिवंत उदाहरण उभे राहील.

जेथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, तेथे वाटणी हाच उपाय आहे. मालकाने नवा पंखा बसवावा, आणि वाचलेल्या विजेच्या रकमेपैकी थोडा भाग भाडेकरूने ठरावीक महिने मालकाला द्यावा. किंवा भाडेकरूने खर्च करावा आणि मालकाने तो भाड्यातून टप्प्याटप्प्याने वळता करावा. दोन ओळींचा लेखी खुलासा पुरेसा आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे गुणव्रत आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळावी, हा त्याचा आशय. पाणी विनाकारण सांडणे, अग्नी विनाकारण पेटवणे, वनस्पती विनाकारण तोडणे यांना आचार्यांनी प्रमादचर्या म्हटले आहे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि रात्रभर गळणारा नळ यांना याहून अचूक नाव सापडणार नाही. हे व्रत सांगताना शास्त्रकारांनी घर स्वतःचे असावे, अशी अट घातलेली नाही.

संस्थेचा कारभार पाहणाऱ्यास आपण विश्वस्त म्हणतो. मिळकत त्याची नसते. म्हणूनच तो ती स्वतःच्या मिळकतीपेक्षा अधिक जपतो. हीच वृत्ती भाडेकरूने घराविषयी आणि मालकाने घराला मिळणाऱ्या पाणी-विजेविषयी बाळगावी. येत्या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एवढेच करावे: घरातील सर्व नळ एकदा तपासावेत, विजेच्या बिलातील युनिट वहीत नोंदवावेत आणि मालक असल्यास भाडेकरूला, भाडेकरू असल्यास मालकाला एकदा चहाला बोलावून ही दुरुस्तीची यादी समोर ठेवावी. पुढच्या वर्षीच्या बिलाशी ही वही ताडून पाहता येईल.

जय जिनेंद्र!