ऐकणे आणि बसणे



आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दासबोध वाचला जातो. त्याच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे. त्यात श्रवण ही पहिली भक्ती, शेवटची नव्हे. ध्वनिमुद्रित आवाजाच्या आधाराने वर्षानुवर्षे ध्यान करण्याविषयी बोलताना हा क्रम विसरू नये, एवढेच आज मला सांगायचे आहे.

उदाहरण विपश्यनेचे घेऊ. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले आणि १९६९ साली भारतात आले. २०१३ साली ते गेले. तरी इगतपुरीला किंवा आपल्या हैदराबादेत दहा दिवसांच्या शिबिरास बसा. सूचना आजही त्यांच्याच आवाजात मिळतात. पहिले तीन दिवस केवळ श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. शंका विचारायला सहायक आचार्य असतात.

मुद्रित आवाज थकत नाही, माणूस पाहून बोलत नाही. दर शिबिरात वाक्ये तीच; बदलतो तो ऐकणारा. पहिल्या खेपेस गुडघ्यांपलीकडे काही सुचत नाही. तिसऱ्या खेपेस त्याच वाक्याचा अर्थ लागतो. दीर्घ सरावाचे फळ हेच.

पण तो आवाज आपल्याला पाहत नाही. आपण पेंगलो तरी त्याला कळत नाही. शिबिर संपताना सांगतात, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. माझे ते दुसऱ्याच वर्षी सुटले. अंथरुणात पडून प्रवचन ऐकायचो आणि साधना झाली असे मानायचो. एके दिवशी पत्नी म्हणाली, “अहो, ऐकता रोज, पण चिडता तेवढेच!”

त्या दिवसापासून पुन्हा आसनावर बसू लागलो. मग ध्यानात आले की तासाभराच्या सामूहिक साधनेच्या ध्वनिमुद्रणात शब्द आरंभी आणि अखेरीस थोडेच असतात. मधली शांतता आपण भरायची असते.

आता फोनवर दर आठवड्याला नवा गोड आवाज मिळतो. हौसेने ऐका, परंतु एक धरा आणि त्याच्याबरोबर काही वर्षे राहा. श्रवणानंतर मनन, मग निदिध्यास, हे आपल्या जुन्यांनी सांगितलेच आहे. प्रगती किती झाली, हे मात्र घरच्यांना विचारा. माझ्या घरचे उत्तर अजून “थोडी” असेच आहे.