न्यायासनावर कोण बसतो?



आपल्या घरात तथागतांच्या प्रतिमेशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा असते. त्यांच्या हातातील ग्रंथ ही आपल्या हक्कांची सनद आहे, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु सनद स्वतः बोलत नाही. तिच्यातील शब्दाचा अर्थ न्यायाधीश सांगतो. म्हणून न्यायासनावर कोण बसतो आणि त्याला तेथे कोण बसवितो, हा प्रश्न केवळ वकिलांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येत नाही.

आपल्या समाजाने याचा अनुभव घेतलेला आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात, १९५६ च्या दुरुस्तीनंतर, हिंदू वा शीख धर्म मानणाऱ्यालाच स्थान होते. १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात 'धर्म मानणे' या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाला लावावा लागला. ज्याने जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला तो हिंदू राहिला नाही, असा निर्णय झाला आणि महाराष्ट्र विधानसभेच्या एका राखीव जागेवरील निवडणूक रद्द ठरली. संसदेने बौद्धांचा त्या आदेशात समावेश केला तो १९९० साली. दोन शब्दांच्या अर्थावर किती कुटुंबांचे भवितव्य टांगलेले असते, हे यावरून ध्यानात यावे.

आता अमेरिकेकडे वळू. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात तेथील कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी आस्था व्यक्त केली. त्या देशात संघराज्याच्या न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितो. पण सिनेट या वरिष्ठ सभागृहाची संमती मिळाल्याखेरीज नेमणूक पक्की होत नाही. सिनेटची न्यायविषयक समिती उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारते, बाजूने व विरुद्ध साक्षी ऐकते, आणि शेवटी सभागृह मतदान करते. एकदा संमती मिळाली की सद्वर्तन असेपर्यंत न्यायाधीशाला पदावरून दूर करता येत नाही, वा त्याचे वेतनही घटविता येत नाही. जो एकदा बसला तो तीस तीस वर्षे बसू शकतो. म्हणूनच दारातच त्याची पारख करावी लागते.

पारख का करावी, ते पाहा. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती अमेरिकेत १८६८ सालीच झाली होती. तरीही १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे ठेवणे वैध ठरविले. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध नोंदविला. १९५४ साली त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले की, वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. घटनेतील शब्द तेच होते. वाचणारे बदलले होते, काळ बदलला होता, आणि न्यायालयाच्या दाराशी लढणारे उभे राहिले होते.

१९३० साली राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी जॉन पार्कर यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले. पार्कर यांनी १९२० साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढविताना कृष्णवर्णीयांच्या राजकारणातील सहभागाला अनिष्ट म्हटले होते. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने ते जुने वक्तव्य शोधून काढले, सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, गावोगावी सभा घेतल्या. कामगार संघटनांचाही त्यांना स्वतंत्र कारणाने विरोध होता. अखेर ४१ विरुद्ध ३९ मतांनी ते नाव फेटाळले गेले. एक जुने भाषण जपून ठेवणारा समाज किती बलवान ठरतो, हे त्या दिवशी सत्ताधाऱ्यांना कळले.

पुढे ३७ वर्षांनी दुसरे दृश्य दिसले. थर्गुड मार्शल हे गुलामांच्या वंशातले. मेरीलँड विद्यापीठाच्या कायदाशाळेत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, म्हणून ते हॉवर्ड विद्यापीठात शिकले. आणि वकील होताच त्यांनी त्याच मेरीलँडच्या शाळेचे दार खटला लढवून उघडविले. १९५४ च्या खटल्याचे ते प्रमुख वकील होते. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना अपील न्यायालयासाठी निवडले, तेव्हा सिनेटने संमतीसाठी सुमारे वर्षभर ताटकळत ठेवले. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पाठविले. दक्षिणेकडील सभासदांनी प्रश्नांची सरबत्ती केली. मार्शल शांतपणे बसून राहिले. ३० ऑगस्ट १९६७ रोजी ६९ विरुद्ध ११ मतांनी त्यांना संमती मिळाली. त्या न्यायालयावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. २०२२ साली केटान्जी ब्राउन जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती झाल्या, त्या ५३ विरुद्ध ४७ मतांनी.

ही पद्धत निर्दोष आहे, असे मात्र समजू नका. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी तिचा विचार करून ती बाजूला ठेवली. ती अवजड आहे व तिच्यातून राजकीय दडपण शिरू शकते, असे त्यांचे मत होते. त्याचबरोबर सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणेही त्यांना मान्य नव्हते. कारण सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही ग्रह-पूर्वग्रह असतात. त्यांनी सल्लामसलतीचा मध्यम मार्ग घटनेत घातला. १९९३ च्या निकालानंतर मात्र न्यायाधीशांच्या निवडमंडळाचा शब्द प्रमाण झाला. ते बदलण्यासाठी संसदेने २०१४ साली केलेली घटनादुरुस्ती २०१५ साली न्यायालयाने रद्द केली. आपल्याकडे उमेदवाराची जाहीर तपासणी होत नाही.

मे २०२५ मध्ये अमरावतीचे भूषण गवई हे भारताचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आपणांस रास्त अभिमान वाटला. पण एका व्यक्तीच्या उच्चपदाने समाजाचे कर्तव्य संपत नाही. मार्शल एकटे आले नव्हते. त्यांच्यामागे वर्गणी देणारी, साक्ष देणारी, मतदान करणारी हजारो साधी माणसे होती.

म्हणून माझे आपणांस आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या मुलामुलींना कायद्याच्या महाविद्यालयात पाठवा. विहारात वंदनेनंतर महत्त्वाचे निकाल मराठीत वाचून समजून घ्या. कोण काय बोलला, कोणी काय निर्णय दिला, याची नोंद ठेवा. मत मागावयास येणाऱ्याला विचारा की, न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत तुझे धोरण काय? तथागतांनी कोणतेही वचन पारखून घ्यावयास शिकविले. न्यायदान करणाराही त्या पारखेच्या बाहेर नाही.

जय भीम!