आयर्लंडातल्या आजींचे लहानपण



चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तीन महिने आयर्लंडात राहून आलात, दहा मिनिटे बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत. शिवाय मी गेले होते मुलीच्या बाळंतपणाला. बाळंतिणीची खोली आणि स्वयंपाकघर, एवढाच माझा प्रवास. परंतु शेजारी एक आजी राहत. जन्म 1941 चा. त्यांचे लहानपण मात्र मी पोटभर ऐकून आले. त्या सांगत आणि मुलगी मला मराठीत सांगे.

गाव देशाच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात. पावसाचे म्हणाल तर आपले कोकण बरे, चार महिन्यांनी उघडते तरी! अशा ओल्या मुलखात चूल पेटवायला लाकूड कमी. मग जाळायचे काय, तर माती. हसू नका. दलदलीच्या जमिनीत हजारो वर्षे कुजलेल्या झाडपाल्याचा काळा थर असतो, त्याला टर्फ म्हणतात. वसंतात वडील अरुंद फावड्याने त्याच्या विटा कापीत. मुलांनी त्या पसरायच्या, जरा सुकल्या की चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला होई. पण तिथे रानात प्यालेल्या चहाची चव पुढे कुठल्याच चहाला आली नाही, असे आजी म्हणत. मला आमच्या गोवऱ्या आठवल्या.

थंडीत प्रत्येक मुलाने काखेत एक वीट घेऊन शाळेत जायचे. वर्गाची शेकोटी त्यावर चाले. आजी म्हणाल्या, "वीट आमची, ऊब मास्तरांच्या पाठीला!" छडीही पुष्कळ बसे. शाळांतला मार तिथे 1982 साली बंद झाला. उन्हाळ्यात मुले अनवाणी जात, आणि बूट सुटले याचाच त्यांना कोण आनंद!

पाव घरीच होई. पीठ, मीठ, सोडा आणि ताक. यीस्ट नाही, आंबवणे नाही. वर सुरीने फुली मारून लोखंडी भांड्यात ठेवायचा, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. मी तिथे चार वेळा करून पाहिला. पहिला असा बसला की जावई म्हणाले, "उंबऱ्याला लावू या!" पीठ फार मळायचे नाही, हे आजींनी मागाहून सांगितले.

पाणी विहिरीवरून बादल्यांनी. ते काम मुलींचे; हे सांगायला नकोच. खेड्यांत वीज नेण्याची योजना 1946 साली सुरू झाली. आजींच्या घरी दिवा लागला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच रात्री आईला कोपऱ्यांतली जळमटे दिसली आणि तिने केरसुणी उचलली! पुष्कळ घरांनी खर्चाला भिऊन वीज नाकारली होती. तिथे 1910 पासून खेड्यातल्या बायकांची एक संस्था आहे, आयरिश कंट्रीवूमेन्स असोसिएशन. वीज आणि घरात नळ यावा म्हणून तिने फार खटपट केली. हे आपल्या मंडळाने ऐकण्यासारखे आहे.

आता खरी गोष्ट. आजी सात भावंडे, त्यांतली पाच देशाबाहेर गेली. 1950 नंतरच्या दहा वर्षांत त्या देशातून चार लाखांवर माणसे गेली आणि 1961 च्या शिरगणतीत उरली जेमतेम 28 लाख. काम नव्हते, दुसरे काय! आजींची थोरली बहीण 1954 साली सतराव्या वर्षी इंग्लंडला गेली. जुन्या काळी कोणी अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री शेजारी जमून जागत, गात, नाचत. मेलेल्या माणसापाशी बसतात त्या जागरणाचेच नाव त्या रात्रीला होते. बहिणीच्या वेळी नाच नव्हता. आई रात्रभर तिच्या कपड्यांना इस्त्री करीत राहिली.

बॉस्टनच्या मावशीकडून कपड्यांचे पार्सल येई. मुले फुलाफुलांच्या फ्रॉकवर तुटून पडत, आई आधी चिठ्ठी शोधी.

चौदाव्या वर्षी आजींची शाळा सुटली. पुढच्या शाळेला फी होती. 1967 साली सरकारने ती माफ केली, तेव्हा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा होता. तो शिकून शिक्षक झाला. "त्याचे शाळेचे सदरे मीच धूत असे," आजी म्हणाल्या. मला आमची नदीपलीकडची शाळा आठवली. भावाला सायकल मिळाली आणि माझी सातवी झाली ती झालीच. मी काही बोलले नाही. मुलगीही भाषांतर करायची थांबली.

थोड्या वेळाने मी विचारले, "मग ते दिवस चांगले होते, असे कसे म्हणता?"

आजी म्हणाल्या, "सगळी घरात होतो ना, तेवढे दिवस."

मी निघायच्या आदल्या रात्री त्या काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "आज तुमचे जागरण." साडेदहापर्यंत बसल्या. बाळ त्यांच्याच मांडीवर झोपले. सकाळी दाराशी ताकाचा पाव फडक्यात बांधून ठेवलेला होता. तो मी विमानात उघडला आणि मुलीला सोडून आल्यावर पहिल्यांदा रडले.

पावाची मापे वहीत लिहून आणली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून उतरवून घ्यावीत.